बीपी आहे? मग कंबर मोजा आणि लघवीही तपासा
(उच्च रक्तदाब असलेल्या आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांची नजर ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. शुगर 104, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 162. मग "थोडंच वाढलंय" म्हणत कागदाची घडी होते. हे "थोडंच" बीपीच्या जोडीला आलं की त्याचा अर्थ बदलतो, म्हणून हे पत्रक.

पुढच्या पाचपैकी कोणत्याही तीन गोष्टी एका व्यक्तीत आढळल्या, तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात.

• कमरेचा घेर : पुरुष 90 सेंमी, स्त्रिया 80 सेंमी किंवा जास्त (दक्षिण आशियाई वंशासाठी)
• ट्रायग्लिसराइड : 150 किंवा जास्त
• एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) : पुरुष 40 पेक्षा, स्त्रिया 50 पेक्षा कमी
• उपाशीपोटी शुगर : 100 किंवा जास्त
• बीपी : वरचं 130 किंवा खालचं 85, किंवा त्याहून जास्त

गोळ्यांमुळे बीपी आता नॉर्मल येत असलं तरी ते या पाचांत धरलंच जातं. म्हणजे तुमच्या बाबतीत पाचातली एक गोष्ट आधीच ठरलेली आहे, आणखी दोन पुरतात. कंबर घरीच मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप धरायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पँटचं माप धरू नका, पँट बहुतेक वेळा पोटाच्या खाली बसते.

या गोष्टी एकत्र का येतात? 1988 साली अमेरिकन डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी मांडलं की त्यांच्या मुळाशी शरीराने इन्सुलिनला दाद न देणं आहे. मग शरीर इन्सुलिन जास्त बनवतं, त्यामुळे मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि बीपी चढतं. पोटातली चरबीही रक्तवाहिन्या आवळणाऱ्या द्रव्यांत भर घालते.

याचा मार अवयवांवर बसतो, आणि पहिली काही वर्षं काहीच दुखत नाही. वाढलेल्या दाबाविरुद्ध काम करून हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. तो ईसीजीत कधी दिसतो, टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) जास्त खात्रीने. डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या डोळ्यांचे डॉक्टर थेट पाहू शकतात.

मूत्रपिंडाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वात जास्त राहून जाते ती हीच तपासणी. "क्रिएटिनिन नॉर्मल आहे ना, मग झालं" असं आम्ही रोज ऐकतो. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा रक्तातला कचरा. पण मूत्रपिंडाची जवळजवळ निम्मी ताकद जाईपर्यंत तो आकडा नॉर्मल राहू शकतो. त्याच्या कितीतरी आधी गाळणीतून अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागतं. लघवीच्या साध्या तपासणीतली पट्टी ही सुरुवातीची गळती बहुधा पकडत नाही. त्यासाठी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर, करावा लागतो. तो 30 च्या आत हवा. 30 ते 300 ही सुरुवातीची गळती, आणि इथेच हाताशी वेळ असतो: काही बीपीच्या गोळ्या ही गळती कमीही करतात. कोणती गोळी, ते डॉक्टर ठरवतील. हा आकडा हृदयाच्या धोक्याचीही खूण आहे, म्हणून तो वाढलेला आला तर पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका.

एका रिपोर्टवरून घाबरूही नका. ताप, लघवीतला संसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनी आकडा फुगतो. तीन ते सहा महिन्यांतल्या तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले, तरच ते पक्कं धरतात. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा आणा.

रक्त द्यायला उपाशी येताना नेहमीची बीपीची गोळी चुकवू नका. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर ती साध्या पाण्याबरोबर घ्या. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन मात्र रक्त दिल्यावर, खाण्याच्या वेळीच.