साठ हजारांत गाडीत काय बदलावं, काय राहू द्यावं
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पोलो जीटी, आय-ट्वेंटी एन लाइन, बलेनो आरएस, अबार्थ पुंटो, जुनी ऑक्टाव्हिया. अशा चपळ गाड्यांचे मालक गॅरेजमध्ये आले की पहिला प्रश्न पॉवरचा असतो. रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) केवढ्याला, सायलेन्सर केवढ्याला? त्या प्रश्नाआधी हे पत्रक वाचावं. हातात चाळीस ते साठ हजार रुपये असतील तर त्यांतून गाडी खरोखर सुधारते. फक्त खर्चाचा क्रम नीट लावावा लागतो. तो चुकला की तेच काम दोनदा करावं लागतं.

आमचा क्रम असा: झिजलेलं रबर, मग टायर, मग ब्रेक, मग शॉकअप. इंजिन सगळ्यांत शेवटी.

आधी झिजलेलं बदला

साठ-सत्तर हजार किलोमीटर धावलेल्या गाडीचे लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, लिंक रॉड (सस्पेन्शनचे जोडदांडे) आणि शॉकअपचे वरचे माउंट पुण्याच्या रस्त्यांवर बहुधा थकलेले असतात. लक्षणं ओळखायला सोपी आहेत. स्पीडब्रेकर उतरताना पुढून 'टक' असा आवाज येतो, ब्रेक दाबला की स्टिअरिंग एका बाजूला सरकतं, टायर आतल्या कडेनं जास्त झिजतो. बुश फाटलेला असताना अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं तर मशीनवर आकडे बरोबर दिसतात, पण रस्त्यावर पहिल्याच ब्रेकला चाक जागचं हलतं. अशा गाडीला नवे टायर घालणं म्हणजे टायर वाया घालवणं.

बुश बदलताना एक चूक फार ठिकाणी होते. बुश म्हणजे आत एक लोखंडी नळी आणि तिच्याभोवती घट्ट चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की नळी जागेवर धरली जाते आणि चाक वर-खाली होताना रबर पिळलं जातं. गाडी लिफ्टवर असताना, चाकं खाली लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबराला पीळ बसतो आणि तो सुटत नाही. गाडी उभी असतानाही रबर ताणलेलंच राहतं. मग नवा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष पार्टला दिला जातो. बरोबर पद्धत अशी: बोल्ट आधी हलका लावायचा, गाडीचं वजन चाकांवर घ्यायचं आणि मगच टॉर्क पान्यानं (ठरावीक जोरावर आवळणाऱ्या पान्यानं) आवळायचा. काम कुठेही करून घ्या, पण शेवटचं आवळणं कधी करणार, हे जरूर विचारा.

टायर: सगळ्यांत जास्त फरक इथे

गाडी रस्त्याला चार ठिकाणी टेकते आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढंच रबर असतं. जोर, ब्रेक, वळण, सगळं तेवढ्या रबरातून जातं. त्यामुळे बजेटचा निम्मा भाग टायरवर गेला तरी आम्ही तो योग्यच मानतो.

साइज बदलताना घेर मोजून घ्या. १८५/६० आर१५ म्हणजे रुंदी १८५ मिमी आणि रिम १५ इंच. या टायरची बाजू १८५ च्या ६० टक्के, म्हणजे १११ मिमी. तिची दुप्पट २२२ आणि रिमचे ३८१ मिळून व्यास ६०३ मिमी. त्याच रिमवर १९५/५५ आर१५ घातला तर व्यास साधारण ५९५ मिमी भरतो. फरक सव्वा टक्क्याच्या आसपास. मीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी ९९ च्या थोडी खाली असेल, एवढंच. तीन टक्क्यांपुढे मात्र जाऊ नये. मीटर आणि गिअरिंग दोन्ही बिघडतात, चाक आर्चला (चाकावरच्या कमानीला) घासण्याची शक्यताही वाढते.

१७ इंचाच्या रिमवर २०५/४५ घातला तर हिशेबानं व्यास बसतो. सव्वादोन टक्के मोठा, म्हणजे मर्यादेतच. पण बाजूची उंची १११ वरून ९२ मिमीवर येते. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यात या गाड्यांचे रिम वाकतात आणि टायरच्या बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. पुण्यात रोज चालणाऱ्या गाडीला १५ किंवा १६ इंच पुरेसे आहेत. कंपनीनं तुमच्याच मॉडेलच्या एखाद्या व्हेरिअंटला दिलेला साइज निवडला तर विम्याच्या वेळीही वाद होत नाही.

खरेदी करताना टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. '२३२५' म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दोन वर्षांहून जुना माल सवलतीत मिळाला तरी घेऊ नका. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा खालचं नको. नक्षीच्या खोलीची किमान कायदेशीर मर्यादा १.६ मिमी आहे, पण ताम्हिणी घाटाच्या पावसात आम्ही ३ मिमीवरच टायर बदलायला सांगतो. त्याखाली खाचा पुरेसं पाणी बाहेर टाकू शकत नाहीत आणि टायर पाण्यावर तरंगतो. दोनच टायर परवडत असतील तर नवे मागे घालावेत, मग गाडी पुढून ओढणारी असली तरी. ओल्या रस्त्यावर मागचं टोक सुटलं की बहुतेकांना गाडी सावरता येत नाही.

हवा गाडी थंड असताना भरा, दारावरच्या स्टिकरप्रमाणे. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्याची गरज नाही.

अलॉय घेणार असाल तर

नाना पेठेत डिझाइन भरपूर मिळतील, पण डिझाइनच्या आधी तीन आकडे बघा: पीसीडी (बोल्ट किती आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास), मधलं भोक आणि ऑफसेट (रिम हबला टेकतो ती जागा रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे). पोलोचं पीसीडी ५×१०० आणि मधलं भोक ५७.१ मिमी. बाजारातल्या बऱ्याच अलॉयना भोक मोठं ठेवतात, म्हणजे ते अनेक गाड्यांना बसतात. मधली जागा भरायला हब रिंग लागते. ती नसेल तर अलॉय नेमका मध्यावर बसत नाही आणि ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतं. मग बॅलन्सिंग कितीही वेळा करा, थरथर जात नाही.

याहून गंभीर गोष्ट बोल्टची आहे. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या मूळ बोल्टची बसकण (रिमला टेकणारा भाग) गोल असते, बाजारातल्या बहुतेक अलॉयची शंकूसारखी. गोल बोल्ट शंकूत टेकतो तो फक्त एका बारीक रेघेवर. आवळताना घट्ट लागतो आणि चालवताना सैल होतो. अलॉयसोबत त्याच बसकणीचे बोल्ट घ्या, पोलोला १२० न्यूटन-मीटरवर आवळा आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. स्टेपनी मूळ लोखंडी रिमची असेल तर तिचे जुने बोल्ट डिकीत राहू द्या.

ब्रेक

मोठ्या डिस्क आणि रंगीत कॅलिपरवर (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावर) खर्च करायची गरज जवळपास कोणालाच नसते. चांगले पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल एवढ्यावर काम भागतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी मिसळलं की लवकर उकळतं. डॉट ४ या प्रकारच्या ऑइलचा उकळबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५. डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८०. ताम्हिणीतून माणगावकडे सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की जुनं ऑइल कॅलिपरजवळ उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खालपर्यंत जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरण्याची सवयही तितकीच गरजेची. डॉट ५ हे नाव ५.१ सारखं दिसत असलं तरी ते सिलिकॉनचं असतं. ते या गाड्यांत कधीही घालू नये.

पूर्ण बदलायला एक लिटर हाताशी ठेवावं. मास्टर सिलिंडरपासून (पेडलनं ब्रेकचा दाब तयार करणाऱ्या सिलिंडरपासून) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची: आपल्याकडच्या गाड्यांत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये क्रम वेगळा असेल तर तोच पाळायचा. मधेच ब्रेक ऑइलची डबी रिकामी झाली तर एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा जाते आणि ती काढायला अनेक गाड्यांत स्कॅनर लावावा लागतो.

पॅड बदलताना कॅलिपरच्या स्लाइड पिन साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायचं. पिन अडकलेली असेल तर आतला पॅड संपतो आणि बाहेरचा नवाच राहतो. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. मोजून त्याखाली असेल तर डिस्क बदलायची, घासून वापरायची नाही. नवे पॅड बसले की मोकळ्या रस्त्यावर साठवरून पंधरापर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावा, पण पूर्ण थांबू नका. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून ते थंड होऊ द्या. हे न केल्यास गरम पॅड डिस्कवर एकाच जागी छाप सोडतो आणि पुढे पेडल थरथरतं. लोक त्याला 'डिस्क वाकली' म्हणतात.

शॉकअप आणि स्प्रिंग

गाडी तीस मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग जुन्या शॉकअपवर घातल्या तर शॉकअपचा दांडा कायम आतल्या भागात चालतो, रबरी स्टॉपवर आपटतो आणि सील लवकर जातं. सोसायटीच्या दारातल्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासतं, ते वेगळंच. या बजेटमध्ये मूळ दर्जाचे चार नवे शॉकअप, मूळ स्प्रिंग आणि त्यानंतर अलाइनमेंट. स्वस्त कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे जोड) आम्ही बसवत नाही.

इंजिन

टर्बो गाडीला रीमॅपनं साधारण वीस ते तीस टक्के टॉर्क (इंजिनचा फिरवणारा जोर) वाढतो, टर्बो नसलेल्या गाडीला जेमतेम पाच-सात. टर्बो नसेल तर हा खर्च करू नका. पोलो जीटी टीएसआयचा १.२ टर्बो मूळ १७५ न्यूटन-मीटर देतो आणि तिचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० पर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. कागदावर मोकळीक दिसते. पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये वर्षानुवर्षं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत घासलेल्या क्लचला ती उरलेली नसते. गाडी हळू सरकताना हिसके देत असेल तर मॅप करू नये. आधी क्लच तपासावा. प्लग, कॉइल आणि टर्बोच्या नळ्याही मॅपच्या आधी बघाव्यात. मॅप जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी केला असेल तर साधं पेट्रोल भरल्यावर इंजिन ठिणगीचं टायमिंग मागे घेतं आणि वाढलेला जोर तिथेच जातो.

शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर (कोन फिल्टर) बॉनेटमधली गरम हवा ओढतो. तेल लावायचे फिल्टर जास्त तेलकट झाले की एअर फ्लो सेन्सर खराब होतो. मूळ कागदी फिल्टर वेळेवर बदला, एवढं पुरे. चाक बाहेर सरकवणारे स्पेसर, भोकांच्या डिस्क, पेट्रोल वाचवणारे प्लग हे पैसे टायरसाठी ठेवा.

कॅटॅलिटिक (धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर) काढणं किंवा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर ही कामं आम्ही घेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. रीमॅप केलात तर वॉरंटी जाऊ शकते, हे गृहीत धरा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

साठ हजारांची वाटणी

पंधरा इंची चपळ हॅचबॅकसाठी साधारण अंदाज: चार चांगले टायर बॅलन्सिंगसह तीस हजारांच्या आसपास, बुश आणि लिंक रॉड मजुरीसह आठ-दहा हजार, पुढचे पॅड आणि ब्रेक ऑइल सात-आठ हजार, अलाइनमेंट हजाराच्या आत. उरलेले दहा-बारा हजार प्लग, फिल्टर, इंजिन ऑइल आणि तपासणीत निघेल त्या एखाद्या गळतीसाठी राखून ठेवा. शॉकअप गळत असतील तर अलॉयचा विचार पुढच्या वर्षावर टाका.

येताना सर्व्हिसच्या पावत्या आणि विम्याची प्रत आणा. काढलेले पार्ट आम्ही डिकीत ठेवून देतो, ते पाहून घ्या. काम झाल्यावर शंभर किलोमीटर चालवून पुन्हा या. चाकांचे आणि आर्मचे बोल्ट टॉर्क पान्यानं तपासून देऊ. त्याचे पैसे लागत नाहीत.