पार्श्वभूमी : ‘उपासना’ हा शब्द आणि त्यातून निसटलेले गुडघे

आधी देवाची थोरवी, मग माणसाचे उत्तर, हा क्रम बायबलमधल्या स्तोत्र 95 मध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. 4 आणि 5 या वचनांत पृथ्वीचा तळ, पर्वतांची शिखरे, समुद्र, कोरडी जमीन, सगळे त्याच्या हातचे आहे. लगेच 6व्या वचनात मूळ हिब्रूत तीन क्रियापदे लागोपाठ येतात : जमिनीपर्यंत लवणे, वाकणे, गुडघे टेकणे. तिन्ही शरीराने करायची.

मराठीत या सगळ्याला मिळून ‘उपासना’ रूढ झाले. उप म्हणजे जवळ, आस् म्हणजे बसणे. शब्द सुंदर आहे, देवाच्या सान्निध्याचा आहे. पण लवण्याचा अर्थ त्यात नाही. ‘पूजा’ घेता आला असता, पण ‘मूर्तिपूजा’ हे निषिद्ध गोष्टीचे नाव ठरल्यावर प्रोटेस्टंट मंडळ्यांत तो वापरणे अवघड झाले. ‘भक्ती’ टिकली, अनेक घरांत अजून ‘रविवारची भक्ती’ म्हणतात, पण तिचा रोख मनाच्या ओढीकडे. ‘नमन’ मूळ अर्थाला सर्वांत जवळ, आणि तेच प्रार्थनेच्या एखाद्या ओळीपुरते उरले. कॅथलिकांनी आपल्या मुख्य उपासनाविधीला ‘मिस्सा’ हेच नाव ठेवून हा प्रश्न बाजूला सारला.

गाण्यातली अडचण वेगळी होती. गोव्यात राशोलला 1616 मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्याने दहा हजारांवर ओव्यांत देवाची थोरवी गायली, तीही रोमन लिपीत. पुढे मिशनांनी पाश्चात्त्य चालींवर भाषांतरित गीते बसवली. त्यांतली एक नेहमीची बांधणी ओळींत 8-6-8-6 उच्चारावयवांची (सिलॅबलची), आघातावर म्हणजे उच्चारातल्या जोरावर चालणारी. मराठीत तसा आघात नाही, त्यामुळे ठोक्यावर ऱ्हस्व अक्षर आले की ‘करुणा’तला ‘क’ उगाच ताणला जातो. मराठीची आपली वाट अभंगाची : मोठ्या अभंगात 6-6-6-4 अक्षरे, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. पुढे गाणाऱ्याने ओळ म्हणायची, मंडळीने उचलायची. वाचता न येणाऱ्यालाही ती दोनदा ऐकून येते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळक या मराठी कवीने नगरहून हीच वाट रुंद केली, आणि ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचे पुस्तक त्याच्या रचनांवर आजही उभे आहे.

शरीराचा मुद्दा पुन्हा आला 25 एप्रिल 1969 ला. भारतातल्या कॅथलिक उपासनेसाठी रोमने बारा मुद्दे मंजूर केले : जमिनीवर बसणे, हात जोडणे, तेलाचा दिवा, आरती आणि पंचांग प्रणाम. काहींना हे हिंदूकरण वाटले. दलित ख्रिस्ती विचारवंतांचा आक्षेप अधिक खोल होता : ज्या रूढींनी आम्हाला बाहेर ठेवले, त्याच आत का आणता? या प्रश्नाला पुरेसे उत्तर मिळालेले नाही. तरी पंचांग प्रणामात गुडघे, तळहात आणि कपाळ जमिनीला टेकतात, म्हणजे स्तोत्राची तिन्ही क्रियापदे एका हालचालीत पुरी होतात. त्याला दिव्याची किंवा आरतीची गरज नाही. बारा मुद्द्यांच्या भांडणात हा एक मुद्दा वाहून गेला, हे नुकसानच झाले.

आता नव्या मंडळ्यांत ‘स्तुती-आराधना’ म्हणजे संदेशाआधीची, म्हणजे प्रवचनाआधीची, गाणी, कीबोर्ड आणि ड्रमसह. संदेश, अर्पण, प्रभुभोजन ‘आराधने’बाहेर पडले. हात वर जातात हे चांगले; पण प्लास्टिकच्या खुर्च्या इतक्या दाटीने लावलेल्या असतात की गुडघे टेकायला जागा नसते. पुढच्या आणि मागच्या ओळीतल्या खुर्च्यांच्या पाठींमध्ये तीन फुटांहून थोडे जास्त अंतर ठेवले, तर 6वे वचन वाचताना ते करताही येते.