‘लुबंटू टाकलं’ म्हणजे लाईव्ह चालवलं की इन्स्टॉल केलं?

"पेनड्राईव्हवर लुबंटू टाकलं, लॅपटॉपला लावलं, मस्त चालू झालं, वायफाय पण लागलं, आणि सकाळी बघतो तर परत विंडोजच." असा फोन मला गेल्या काही महिन्यांत चार-पाचदा तरी आलाय. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चार जीबी रॅमचे, चांगले धडधाकट लॅपटॉप घरोघरी पडून आहेत आणि लोक हलकं लिनक्स शोधतायत, त्यातलंच एक लुबंटू, म्हणजे उबंटू या लिनक्सचा हलका प्रकार. फार चांगली गोष्ट आहे. पण गोंधळ जवळजवळ सगळ्यांचा एकाच शब्दापाशी होतो, ‘टाकणं’. आयएसओ फाईल (डाउनलोड केलेली, जिच्यात अख्खी सिस्टीम असते ती) पेनड्राईव्हवर लिहिली तरी आपण म्हणतो लुबंटू टाकलं, त्या पेनड्राईव्हवरून लॅपटॉप चालू केला तरी टाकलं, आणि खरोखर हार्डडिस्कवर बसवलं तरी टाकलंच. मी आता मुद्दाम पेनड्राईव्ह बनवणं, लाईव्ह चालवणं (डिस्कवर न बसवता पेनड्राईव्हवरूनच वापरणं) आणि डिस्कवर बसवणं, म्हणजे इन्स्टॉल, असे तीन शब्द वापरतो. पहिल्यात फारसं काही नाही, रुफस किंवा बालेना एचर हा पेनड्राईव्ह बनवायचा प्रोग्राम घ्या, आयएसओ निवडा, बटण दाबा, झालं (पेनड्राईव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं एवढं लक्षात ठेवा). खरी गल्लत लाईव्ह आणि इन्स्टॉलमध्ये आहे.

आणि ती होणारच, कारण दोन्ही एकाच पेनड्राईव्हमधून येतात. पूर्वी असं नव्हतं. उबंटूच्या सुरुवातीच्या काळात, २००४-०५ मध्ये, लाईव्ह सीडी वेगळी आणि इन्स्टॉलची सीडी वेगळी असायची, उबंटूवाले फुकट पोस्टाने पाठवायचे त्या पाकिटात दोन्ही चकत्या यायच्या. एक नुसती बघायची, दुसरी बसवायची, चुकायला जागाच नव्हती. जून २००६ च्या ६.०६ आवृत्तीपासून दोन्ही एकाच सीडीवर आलं, आणि आज लुबंटूच्या पेनड्राईव्हचा पहिलाच पर्याय ‘ट्राय ऑर इन्स्टॉल लुबंटू’ असा असतो, म्हणजे एकाच ओळीत दोन्ही. सोय झाली हे खरं, पण नवीन माणसाला वाटतं की एंटर दाबला म्हणजे इन्स्टॉल झालं.

लाईव्हमध्ये आत काय चालतं ते एकदा कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. पेनड्राईव्हवर अख्खी सिस्टीम एका दाबून बसवलेल्या फाईलमध्ये असते, तिला स्क्वॉशएफएस म्हणतात, आणि ती फक्त वाचता येते, तिच्यात काही लिहिता येत नाही. पण सिस्टीमला तर सतत काही ना काही लिहावं लागतं, तुम्ही वॉलपेपर बदलता, फाईल सेव्ह करता, ब्राउझर स्वतःचा कचरा साठवतो. मग या फाईलवर रॅममधला एक थर पांघरलेला असतो, जे काही लिहाल ते त्या थरात जातं, आणि साधारण अर्ध्या रॅमएवढीच त्याची मर्यादा असते. लॅपटॉप बंद झाला की रॅम रिकामी, थर गेला, पेनड्राईव्ह पुन्हा जशीच्या तशी. माझ्या आतेबहिणीने बिशीचा वर्षभराचा हिशोब लाईव्हमध्येच लिब्रेऑफिसला टाईप केला, संध्याकाळभर बसून, व्यवस्थित डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये सेव्ह करून, आणि रात्री वीज गेली, बॅटरी तर कधीचीच मेलेली. सगळं गेलं. ती मला विचारत होती की मी सेव्ह तर केलं होतं ना रे दादा, आणि तिचं बरोबरच होतं, तिने सेव्ह केलं होतं, फक्त ते रॅममध्ये केलं होतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पेनड्राईव्ह मीच बनवून दिली होती, त्यामुळे तो दोष माझाच.

इन्स्टॉलमध्ये मात्र तीच दाबलेली फाईल डिस्कवर उलगडली जाते. लुबंटूमध्ये हे काम कॅलामारेस नावाचा इन्स्टॉलर करतो (२०१८ च्या १८.१० आवृत्तीपासून). तो पार्टिशन, म्हणजे डिस्कचे कप्पे, बनवतो, फाईली उलगडतो, तुमच्या नावाचा युजर तयार करतो, लाईव्हपुरती असलेली पॅकेजेस काढून टाकतो आणि शेवटी ग्रब हा बूटलोडर बसवतो, म्हणजे लॅपटॉप चालू झाल्यावर लिनक्स कुठे आहे ते त्याला सापडतं. आता यातली एक गोष्ट बऱ्याच जुन्या लोकांच्याही लक्षात येत नाही, की उलगडली जाते ती मूळ फाईल, तुम्ही वापरत असलेलं लाईव्ह नव्हे. लाईव्हमध्ये तासभर बसून मराठी कीबोर्ड लावला, पॅनल हलवलं, दोन प्रोग्राम टाकले आणि मग तिथूनच इन्स्टॉल दाबलं, तरी नव्या सिस्टीममध्ये ती मेहनत दिसणार नाही. म्हणून सजावट, सेटिंग, मराठी वगैरे सगळं इन्स्टॉलनंतर करा. मराठीसाठी कीबोर्डच्या यादीत इंडियाखाली बघा, मराठीचे पर्याय आहेत, त्यात कागपा फोनेटिकही आहे.

वेगाचं काय? इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. लाईव्ह चालवतात, फायरफॉक्स उघडायला मिनिट लागतं, आणि निकाल देऊन टाकतात की कसलं हलकं, हे तर विंडोजपेक्षा जड आहे. अहो, पण तुम्ही ते स्वस्तातल्या पेनड्राईव्हवरून चालवताय, प्रत्येक फाईल आधी पेनड्राईव्हवरून वाचायची मग उलगडायची, आणि फायरफॉक्स उबंटू परिवारात २२.०४ आवृत्तीपासून स्नॅप नावाच्या पॅकेजमधून येतो, ते स्नॅप स्वतःच एक दाबलेली फाईल असतं, म्हणजे दाबलेल्यात दाबलेलं. वर सगळ्या बदलांचा भार रॅमवर. यूएसबी २.० च्या जुन्या पोर्टला प्रत्यक्षात सेकंदाला तीसेक एमबी मिळतात, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास देते. हाच लॅपटॉप, हीच लुबंटू, एसएसडीवर बसवली की ओळखू येत नाही. तेव्हा लाईव्हवरून वेगाची परीक्षा करू नका, कृपा करून.

मग लाईव्ह कशासाठी? हार्डवेअर तपासायला, आणि या कामात त्याला तोड नाही. वायफाय दिसतं का, आवाज येतो का, ब्राईटनेसच्या की चालतात का, झाकण बंद करून उघडल्यावर लॅपटॉप परत जागा होतो का (हे नक्की बघा, जुन्या मशीनवर हमखास अडतं), टचपॅड, कॅमेरा. काही जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असतं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो, ते लाईव्हमध्येच कळलं तर इन्स्टॉलच्या दिवशी मोबाईलचं यूएसबी टेदरिंग (मोबाईलचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) तयार ठेवता येतं. स्क्रीन काळी पडली तर मेन्यूतला सेफ ग्राफिक्सचा पर्याय घेऊन बघा. आणि हे सगळं बघताना तुमच्या डिस्कला हातही लागत नाही, तुम्ही स्वतः एखादी फाईल पुसली तर गोष्ट वेगळी.

एक छोटा अपवाद मात्र आहे, घड्याळाचा. मशीनच्या आतल्या घड्याळात यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक) वेळ आहे असं लिनक्स धरतं, विंडोज तिथे स्थानिक वेळ धरतं. लाईव्हमध्ये इंटरनेट लागलं की लिनक्स ते घड्याळ स्वतःच्या पद्धतीने जुळवून ठेवू शकतं, मग विंडोजमध्ये गेल्यावर वेळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते. घाबरू नका, विंडोजमध्ये वेळ सिंक केली की ठीक होतं, आणि दोन्ही सिस्टीम कायम ठेवायच्या असतील तर लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगता येतं.

आता इन्स्टॉलचा धोका, आणि इथे मी हळू जायला सांगेन. कॅलामारेसमध्ये डिस्कच्या पानावर ‘इरेज डिस्क’ असा पर्याय येतो. आपल्याकडे दुकानातून कॉम्प्युटर घेतला की सी, डी, कधी ई असे ड्राईव्ह पाडून देतात आणि लग्नाचे, बारशाचे फोटो सगळे डी मध्ये असतात, आणि लोकांना वाटतं डी ही वेगळी डिस्क आहे, विंडोज फक्त सी मध्ये आहे, म्हणजे इरेज केलं तर सी जाईल. नाही हो. सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात आणि इरेज डिस्क म्हणजे ती अख्खी डिस्क, डी सकट. फोटो आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, ती डिस्क लॅपटॉपपासून काढून ठेवा, दुसऱ्या मशीनवर दोन-चार फोटो उघडून बघा, मगच पुढे जा.

विंडोज ठेवून शेजारी लुबंटू बसवायचं असेल तर विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून जागा लहान करा, फास्ट स्टार्टअप (यात विंडोज पुरतं बंदच होत नाही) बंद करा, आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. कॅलामारेसची एक गोष्ट मला फार आवडते, शेवटी सारांशाचं पान येतं, डिस्क आधी कशी होती आणि नंतर कशी होईल ते चित्रात दाखवतो, आणि तिथलं बटण दाबेपर्यंत डिस्कवर काहीही लिहिलेलं नसतं. ते पान निवांत वाचा. शंका आली तर सरळ बंद करा, काही बिघडत नाही.

लुबंटूच्या २४.०४ आवृत्तीत इन्स्टॉलर फुल, नॉर्मल आणि मिनिमल असे तीन प्रकार विचारतो, जुन्या मशीनलाही नॉर्मल ठीक आहे, मिनिमलमध्ये ब्राउझरसुद्धा येत नाही आणि नवीन माणूस तिथेच अडकतो. ही आवृत्ती एप्रिल २०२७ पर्यंत सपोर्टमध्ये आहे. आणि हो, लुबंटू आता फक्त ६४ बिटवर चालतं, त्यामुळे फारच जुनं ३२ बिटचं मशीन असेल तर अँटीएक्स हे दुसरं हलकं लिनक्स बघा.

लाईव्ह आणि इन्स्टॉल या दोघांच्या मधला एक प्रकार आहे तोही सांगून ठेवतो, पर्सिस्टन्स. रुफसमध्ये पेनड्राईव्ह बनवताना एक सरकपट्टी येते, तिथे चार-पाच जीबी दिले की लाईव्हमधले बदल रॅमऐवजी पेनड्राईव्हवर लिहिले जातात आणि पुढच्या वेळी टिकून राहतात. आतेबहिणीचा हिशोब अशा पेनड्राईव्हवर वाचला असता. पण हे इन्स्टॉल नव्हे. खाली तीच न बदलणारी फाईल, कर्नल (सिस्टीमचा गाभा) अपडेट केला तरी बूट जुन्याच कर्नलने होतं, आणि सतत लिहून पेनड्राईव्ह झिजते. आठवडाभर वापरून बघायला ठीक, रोजच्या कामाला नको. पपी लिनक्सची गोष्ट वेगळी, ते बनवलंच आहे असं की रॅममध्ये चढायचं आणि बंद करताना विचारायचं, सेव्ह करू का?

इन्स्टॉल झालं म्हणून ती पेनड्राईव्ह लगेच फॉरमॅट करून गाणी भरू नका. उद्या एखाद्या विंडोज अपडेटनंतर ग्रब दिसेनासा झाला, किंवा सिस्टीम चालूच होत नाही आणि आत मुलांचे फोटो आहेत, तर त्याच पेनड्राईव्हवरून लाईव्ह चालवायचं, फाईल मॅनेजर उघडायचा, डाव्या बाजूला आतली डिस्क दिसते तिच्यावर क्लिक करायचं आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर ओढून घ्यायचे. मी माझ्या पेनड्राईव्हला चिकटपट्टी लावून ‘लुबंटू २४.०४ लाईव्ह’ असं लिहून ठेवलंय, आणि आतेबहिणीच्या पेनड्राईव्हवर त्याखाली अजून एक ओळ आहे, ‘यात सेव्ह केलेलं राहत नाही’.