आर्यभटाच्या नावाचा जिवाणू आणि त्याचं बदललेलं आडनाव

२० एप्रिल २००५ रोजी हैदराबादच्या बलून केंद्रातून एक अवाढव्य फुगा वर गेला. त्याला लटकवलेल्या होत्या सोळा निर्जंतुक, निर्वात पोलादी नळ्या, द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्यांनी ओढून घेतली. प्रयोगाचे प्रमुख होते पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचे जयंत नारळीकर. नमुने हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस या दोन जीवशास्त्र प्रयोगशाळांत वेगवेगळे तपासले गेले. त्यातून जिवाणूंच्या बारा वसाहती, म्हणजे वाढलेले पुंजके, उगवल्या.

पण हे नक्की कोण?

सूक्ष्मदर्शकातून पाहून फारसं काही कळत नाही. बहुतेक जिवाणू एक तर गोळ्या, नाहीतर कांड्या. म्हणून आधी रंगवायचं. स्लाइडवर थेंब पसरून वाळवायचा, जरा आच दाखवायची, जांभळा क्रिस्टल व्हायोलेट ओतायचा, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचं. खरी कसोटी इथेच. चार-पाच सेकंद जास्त झाले, तर ज्यांनी जांभळं राहायचं तेही रंग सोडतात! शेवटी लाल सॅफ्रानिन. जाड भिंतीचे जांभळे राहतात, पातळ भिंतीचे गुलाबी होतात. हान्स ख्रिश्चन ग्रॅमची ही १८८४ची युक्ती लॅबमध्ये आजही रोज वापरात आहे. पण तिने गाव कळतं, घर कळत नाही.

घर सापडतं ते एका जीनमुळे. प्रथिनं बनवणारे रायबोसोम प्रत्येक जिवाणूला लागतातच; त्यांच्या एका भागाचा जीन म्हणजे ‘१६एस’, सुमारे दीड हजार अक्षरांचा. त्याचे काही तुकडे सगळ्यांत जवळपास सारखे, काही हळूहळू बदलत गेलेले. त्यामुळे जुनं-नवं नातं त्यातून वाचता येतं. कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये याच रेणूच्या आधारे जीवसृष्टीची एक नवीच शाखा, आर्किया, वेगळी काढली.

बारापैकी नऊ वसाहतींचा हा जीन पृथ्वीवरच्या माहीत असलेल्या जातींशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळला. उरलेल्या तीन नव्या जाती ठरल्या. मात्र १६एस जवळच्या भावंडांत फरक करू शकत नाही. त्या काळी दोन जिवाणूंचे डीएनए एकमेकांत मिसळून किती जुळतात ते पाहत; ७० टक्क्यांच्या खाली आलं की जात वेगळी. आता अख्खे जीनोमच, म्हणजे जिवाणूंचा संपूर्ण डीएनए, ताडून पाहतात आणि सरासरी ९५ टक्क्यांच्या आसपास सीमा धरतात. ही रेघ माणसाने आखलेली, जिवाणूंना तिचा पत्ता नाही.

२००९ मध्ये बारसं झालं: जॅनिबॅक्टर हॉयली (नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्यावरून), बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाई. मतदार यादीसारखं इथेही आडनाव, म्हणजे प्रजातीचं (जीनस) नाव, आधी. नाव अधिकृत व्हायला ते ठरावीक आंतरराष्ट्रीय नियतकालिकात यावं लागतं, आपल्या राजपत्रासारखं. शिवाय जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, म्हणजे उद्या कुणालाही मागवून पडताळता यावा.

पडताळणी झालीच. ‘बॅसिलस’ हे आडनाव फार ढिलेपणाने वाटलं गेलं होतं. कांडीसारखा दिसला, बीजाणू बनवले, की टाका बॅसिलसमध्ये. जीनोम हाती आल्यावर हे एकत्र कुटुंब फुटलं. इस्रोनेन्सिस आता सॉलिबॅसिलस झाला आहे आणि आर्यभट्टाई २०२० पासून प्रिस्टिया. त्यातही प्रिस्टिया मेगाटेरियम या मातीतल्या जुन्या शेजाऱ्याशी त्याचा जीनोम इतका जवळचा आहे, की दोघांना वेगळं मानायचं का, हाच आता वाद आहे.