पडद्यामागची भरती: मराठी नाट्यस्वयंसेवक आणि नाट्यसंशोधक यांच्या वाटा कशा पडल्या

नाटकात शिरू पाहणाऱ्या मराठी तरुणापुढे आज चार वाटा असतात. विद्यापीठातला नाट्यविभाग, कॉलेजची एकांकिका स्पर्धा, एखाद्या प्रायोगिक संस्थेत पडेल ते काम, नाहीतर केंद्र सरकारची शिष्यवृत्ती किंवा फेलोशिप. या वाटा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांनी पाडल्या. त्यातल्या निम्म्या पैसे न घेता राबणाऱ्यांनी पाडल्या आणि संशोधकाची वाट सर्वांत उशिरा आली. आज नाट्यसंशोधनात कागदपत्रांची जी अडचण जाणवते तिचं मूळ या क्रमातच आहे.

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. राजाश्रय सुटला तसे भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि पुढे नाटक कंपन्यांचं युग आलं. कंपनी हीच शाळा, तीच घर, तीच खानावळ. मुलगा लहानपणी भरती व्हायचा. गाणं, चालणं, बोलणं तिथेच घोटून घ्यायचा. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1905 साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले तेही असेच कोवळ्या वयात. शिकायचं तर कंपनीत शिरायचं आणि कंपनीत शिरायचं तर घर सोडायचं. नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमीला येणारा हौशी माणूस या व्यवस्थेत बसत नव्हता. बायकांना तर दारच बंद होतं.

तरीही हौशी धडपड तेव्हाही होती. नाटककार गोविंद बल्लाळ देवल ज्या आर्योद्धारक मंडळीत होते ती शिकलेल्या हौशी तरुणांचीच होती. पुण्यात 1894 साली विद्यार्थ्यांचा एक क्लब निघाला आणि त्यातूनच पुढे भरत नाट्य संशोधन मंदिर उभं राहिलं. विद्यार्थ्यांच्या क्लबातून निघालेल्या या संस्थेच्या नावात 'संशोधन' आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रयोग करणारा आणि अभ्यास करणारा एकाच छपराखाली नांदावेत ही इच्छा तेव्हापासूनची आहे.

स्वयंसेवकाची खरी मोठी परंपरा मात्र नाट्यगृहाबाहेर वाढली. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या जलशांनी गावोगावी तमाशाचाच बाज घेतला आणि गण-गवळणीच्या जागी विचार आणला. 1930 नंतर आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार वस्त्यावस्त्यांतून फिरले, ते बिदागीसाठी नव्हे. 1941 साली राष्ट्र सेवा दल स्थापन झालं आणि त्याच्या कलापथकांनी पुढच्या पिढीला घडवलं. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे तिघेही या कलापथकांतून आले. 1943 साली मुंबईत इप्टा (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) ही डाव्या विचारांची नाट्यचळवळ सुरू झाली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक गिरणगावात घुमलं. या पथकांत भूमिकांची वाटणी पक्की नव्हती. आज ढोलकी धरणारा उद्या सोंगाड्या व्हायचा आणि परवा सतरंज्या गोळा करायचा. हे शिक्षण कुठल्याही अभ्यासक्रमात मिळालं नसतं.

शहरात बोलपटाने कंपन्यांचं कंबरडं मोडलं. 1931-32 नंतर नट सिनेमाकडे गेले आणि थिएटरं चित्रपटगृहं झाली. ती पोकळी हौशी मंडळींनी भरली. नाट्यमन्वंतर या संस्थेने 1933 साली 'आंधळ्यांची शाळा' केलं. मुंबई मराठी साहित्य संघ 1935 सालचा. डॉ. अमृत नारायण भालेराव पेशाने डॉक्टर. त्यांनी संघाच्या नाट्यशाखेसाठी जे श्रम घेतले त्यातूनच मराठी रंगभूमीच्या शंभरीनिमित्त 1944 साली मुंबईत मोठा नाट्यमहोत्सव होऊ शकला.

संधींच्या दृष्टीने सगळ्यात मोठी घटना म्हणजे राज्य नाट्य स्पर्धा. 1954 साली, महाराष्ट्र राज्य होण्याच्याही आधी, ती सुरू झाली. तिची रचना साधी होती आणि म्हणूनच टिकली. गावोगावच्या हौशी संस्थांनी आपापल्या केंद्रावर प्राथमिक फेरीत नाटक करायचं, निवडलेली नाटकं अंतिम फेरीला जायची. सोलापूरच्या कारकुनाला, कोल्हापूरच्या मास्तरांना, अकोल्याच्या पोस्टमनला वर्षातून एकदा खऱ्याखुऱ्या रंगमंचावर उभं राहता येऊ लागलं. 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 साली याच स्पर्धेसाठी रंगायन या प्रायोगिक संस्थेने उभं केलं. 'घाशीराम कोतवाल' हे 1972 साली पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केलं, तेही स्पर्धेतच. त्या मंडळींच्या नोकऱ्या आठवून पाहा. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे संशोधक. 1973 साली त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि 1980 मध्ये 'घाशीराम' युरोपात गेलं. तोवर नाटकाच्या पगारावर त्यांच्यातल्या कोणाचंही घर चालत नव्हतं.

कॉलेजच्या मुलांसाठी पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासकने 1963 पासून पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा भरवायला सुरुवात केली. लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय या तीन गोष्टींवर तिचा भर. नेपथ्याच्या किंवा दिव्यांच्या झगमगाटाचं कौतुक तिथे नाही. त्यामुळे खिशात पैसे नसलेलं कॉलेजही जिंकू शकतं. स्पर्धा भरवणाऱ्यांतले राजाभाऊ नातू यांच्यासारखे कार्यकर्ते आपापली कामं सांभाळून हे करत आले. स्पर्धक मुलांची नावं पुढे पडद्यावर झळकली. वेळापत्रक आखणारे, ड्रॉ काढणारे, विंगेत घड्याळ घेऊन उभे राहणारे मात्र फारसे कोणाला माहीत नाहीत. माझ्या मते मराठी नाटकाची सर्वांत स्थिर संस्था कोणती असेल तर ती ही, न दिसणाऱ्या कार्यकर्त्यांची.

व्यावसायिक रंगभूमीवरही असं एक उदाहरण आहे आणि ते गोव्याशी जोडलेलं आहे. दि गोवा हिंदू असोसिएशन ही मुंबईतल्या गोमंतकीयांची सामाजिक संस्था. तिच्या कला विभागाने 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'मत्स्यगंधा' आणि 1970 साली 'नटसम्राट' रंगमंचावर आणलं. नट-तंत्रज्ञांना मानधन होतं, पण नाटकाचा कारभार पाहणारे रामकृष्ण नायक यांच्यासारखे कार्यकर्ते विनामोबदला काम करत. त्याच नायकांनी पुढे गोव्यात ज्येष्ठांसाठी स्नेहमंदिर उभारलं. नाटकाचा हिशोब चोख ठेवणं हीसुद्धा रंगभूमीची सेवा असते, हे या संस्थेने दाखवलं. गोव्यात त्याआधीपासून देवळांच्या जत्रांत गावकरी स्वतः नाटक करत आलेच आहेत. तिथे गावातलं प्रत्येक घर काही ना काही काम उचलतं.

प्रायोगिक नाटकाला घर मिळालं ते दादरच्या छबिलदास शाळेत. विजया मेहता यांच्या रंगायनमधून बाहेर पडलेल्या अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदींनी 1971 साली आविष्कार काढली आणि 1974 पासून शाळेचा हॉल संध्याकाळी नाट्यगृह झाला. वर्गातली बाकं हलवायची, खुर्च्या मांडायच्या, दिवे टांगायचे, प्रयोग संपला की सगळं पुन्हा जागेवर ठेवायचं, कारण सकाळी शाळा भरायची. काकडे यांनी कित्येक वर्षं हे व्यवस्थापन निष्ठेने पाहिलं. इतर संस्थांनाही तिथे जागा मिळे. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशी नाटकं एकाच हॉलमध्ये होत आणि खुर्च्या मांडणारा मुलगा ती सगळी फुकट बघत असे. स्वयंसेवकाला मिळणारा मोबदला होता तो हाच. पुढे छबिलदास सुटलं आणि आविष्कार माहीमच्या महापालिका शाळेत गेली. छोट्या हॉलचं भाडं, तालमीच्या जागेचा प्रश्न आणि नोकऱ्यांचे लांबलेले तास यांनी या दाराची रुंदी कमी केली. आज नवख्या मुलाला 'ये, बॅकस्टेजला थांब' असं म्हणणाऱ्या जागा मोजक्या आहेत. त्या वाढल्या पाहिजेत, असं मला कळकळीने वाटतं.

आता अभ्यासकाची वाट. मराठी रंगभूमीचा पहिला सलग इतिहास आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांनी 1903 साली लिहिला, तो कोणत्याही संस्थेच्या वेतनावर नव्हे. पुढेही बराच काळ नाट्यसंशोधन म्हणजे मराठीच्या प्राध्यापकाने संहितेवर लिहिणं एवढंच राहिलं. प्रयोग हा अभ्यासाचा विषय आहे, हे मान्य व्हायला सरकारी संस्था याव्या लागल्या. 1953 साली संगीत नाटक अकादमीचं कामकाज सुरू झालं आणि 1959 साली तिच्याच पंखाखाली राष्ट्रीय नाट्य विद्यालय आलं. 1975 मध्ये ते स्वतंत्र झालं. संचालक इब्राहिम अल्काझींच्या काळात तिथून रोहिणी हट्टंगडी, जयदेव हट्टंगडी असे मराठी विद्यार्थी परत आले आणि प्रशिक्षणाची भाषा इकडे रुजली. कमलाकर सोनटक्के यांनी औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यविभाग उभारला. मराठवाड्यातल्या मुलांना पुण्या-मुंबईकडे न जाता नाटक शिकता येऊ लागलं, ही त्या विभागाची मोठी कामगिरी. पुणे विद्यापीठात 1987 साली ललित कला केंद्र निघालं, मुंबई विद्यापीठात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि लोककला अकादमी आल्या. थिएटर अकॅडमीने 1985 नंतर फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नाटककारांच्या कार्यशाळा आणि गावोगावच्या नाट्यगटांना बळ देणारी योजना राबवली. नाटकाच्या कामासाठी बाहेरून पैसा मागता येतो, हे अनेक छोट्या संस्थांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

संशोधन आणि प्रयोग एकत्र आले की काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण आचार्य पार्वतीकुमारांचं. ते नृत्यगुरू. तंजावरच्या भोसले राजांनी मराठीत नाटकं आणि नृत्यरचना लिहिल्या, त्यांची हस्तलिखितं तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. पार्वतीकुमारांनी शरफोजीराजांची मराठी निरूपणं, म्हणजे नृत्यासाठी रचलेली कथानकं, तिथून शोधली, त्यांचा अर्थ लावला आणि ती भरतनाट्यमच्या मंचावर आणली. हेच गुरुजी आविष्कारच्या चंद्रशाळा या बालनाट्य विभागात मुलांना घेऊन 'दुर्गा झाली गौरी' बसवत होते. हस्तलिखित वाचणारा आणि मुलांच्या तालमी घेणारा माणूस एकच होता.

आजच्या सरकारी संधींचा कणा केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या योजना आहेत. 18 ते 25 वयाच्या तरुण कलावंतांना दोन वर्षं महिना 5,000 रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. त्यात नाटक आणि लोककला दोन्ही येतात. 25 ते 40 वयोगटासाठी ज्युनिअर फेलोशिप महिना 10,000 रुपयांची आणि चाळिशीपुढच्यांसाठी सीनिअर फेलोशिप 20,000 रुपयांची, तीही दोन वर्षांचीच. पैसा दरमहा हातात न येता सहामाही हप्त्यांनी येतो, हे अर्ज करण्याआधी लक्षात ठेवावं. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स खासगी पातळीवर कलासंशोधनाला अनुदान देते, आणि भारतीय भाषांत काम करणाऱ्यालाही.

फेलोशिप मिळाली तरी संशोधक अडतो तो कागदापाशी. प्रॉम्प्टरची खुणा केलेली प्रत, हँडबिलं, नेपथ्याचे आराखडे, तालमीची वही, तिकीटविक्रीचा हिशोब यांवर प्रयोगाचा इतिहास उभा राहतो, आणि हे सगळं बहुतेकदा एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या माळ्यावरच्या पेटीत असतं. घर बदललं की ते रद्दीत जातं. आंबेडकरी जलशांबद्दल आपल्याला आज जे कळतं त्याचा मोठा भाग कर्डकांनी स्वतः लिहून ठेवलं म्हणून हाती आहे. ज्यांनी लिहिलं नाही त्यांची पथकं नावापुरती उरली. म्हणून मला वाटतं, नाट्यविभागांनी एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या जिल्ह्यातल्या एका हौशी संस्थेचं दप्तर लावायचं काम द्यावं आणि त्याला गुण ठेवावेत. संस्थेला दोन हात मिळतील आणि विद्यार्थ्याला कोणीही न हाताळलेलं साधन. राज्य स्पर्धेत पन्नास वर्षांपूर्वी उतरलेली मंडळी अजून अनेक गावांत आहेत. छबिलदासच्या सुरुवातीच्या काळात विशीत खुर्च्या मांडणारे आज सत्तरीत आहेत. त्यांच्याशी बोलणं ध्वनिमुद्रित करायला खिशातला फोन पुरतो. कोणत्याही फेलोशिपची वाट न पाहता हे काम याच हंगामात सुरू करता येईल.