कॅमेरा घेताना अंगठा कुठे पडतो ते बघा

भाचीला खिशात मावेल असा कॅमेरा घ्यायचा होता. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता: "मामा, दोन्ही २० मेगापिक्सेलचेच आहेत. मग हा एक एवढा महाग का?" तोंडी समजावण्यापेक्षा ओळखीच्या दोघांकडून दोन्ही कॅमेरे आठवडाभरासाठी मागून आणले आणि एका संध्याकाळी तिला घेऊन ठाण्याच्या तलावपाळीवर गेलो.

दिवेलागण झाली होती. समोरच्या काठावरचे दिवे पाण्यात लांबच लांब उतरले होते. एकाच कठड्यावर कॅमेरे टेकवून दोघांनी एकच दृश्य टिपलं. घरी येऊन लॅपटॉपवर मोठं करून पाहिलं, तर महाग कॅमेऱ्याच्या फोटोत दोन दिव्यांच्या मधलं पाणी शांत, काळंभोर होतं. दुसऱ्यात त्याच पाण्यावर लाल-निळे कण सांडल्यासारखे दिसत होते आणि काठावरच्या झाडाची पानं एकमेकांत मिसळून गेली होती.

पिक्सेल, म्हणजे प्रकाश टिपणारे बारीक ठिपके, दोन्हीकडे सारखेच; पण ते बसवलेत त्या चिपच्या, म्हणजे सेन्सरच्या, आकारात फरक आहे. स्वस्त कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ मिमी बाय ४.६ मिमी, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. महाग कॅमेऱ्याचा १३.२ मिमी बाय ८.८ मिमी. यालाच बाजारात 'एक इंची' सेन्सर म्हणतात, पण तो कुठल्याच बाजूनं एक इंच भरत नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्या त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून ओळखल्या जात, तीच मोजणी पुढे चालत आली. क्षेत्रफळात मोठा सेन्सर लहानाच्या चौपट आहे, म्हणून त्याच्या प्रत्येक पिक्सेलला जागाही चौपट मिळते.

जागेनं एवढा फरक का पडतो? जूनमधली पहिली सर आठवा. गच्चीच्या एका फरशीवर तीन थेंब पडतात, शेजारचीवर एक, तिसरी कोरडीच. जोराचा पाऊस लागला की सगळ्या फरशा सारख्याच ओल्या दिसतात. प्रकाशही असा थेंबाथेंबानंच येतो आणि मोठ्या पिक्सेलवर जास्त थेंब पडतात. एका पिक्सेलवर सरासरी १०० प्रकाशकण पडत असतील, तर त्यात सुमारे १० कणांचा कमीजास्तपणा निसर्गतःच असतो, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले तर चढउतार १०० कणांचा, म्हणजे फक्त १ टक्का. काळ्या पाण्यावरचे ते रंगीत कण म्हणजे मुख्यतः हाच कमीजास्तपणा. अंधारात फोटो उजळ करायला आयएसओ नावाचा आकडा वाढवतात, पण त्यानं प्रकाश वाढत नाही, आलेला तुटपुंजा संकेत तेवढा मोठा होतो आणि त्याच्याबरोबर हा खडबडीतपणाही.

मग लहान सेन्सरचा कॅमेरा टाकाऊ ठरतो का? मुळीच नाही. पुढच्या रविवारी आम्ही ऐरोलीहून होडीनं ठाण्याच्या खाडीत गेलो. या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. तिथे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचा झूम जेमतेम ३ पट, त्यामुळे थवा गुलाबी रेघेएवढा दिसला. लहान सेन्सरवाल्याचा ३० पट, त्यात एकेका पक्ष्याची वाकडी चोच दिसली. सेन्सर लहान असला की लांबचं टिपणारं भिंगही खिशात मावतं, त्याचा हा फायदा.

त्याची किंमत मात्र दोनदा मोजावी लागते. झूम पूर्ण ताणला की भिंगाचं अ‍ॅपर्चर एफ/३.३ वरून एफ/६.४ वर जातं, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र बारीक होतं, आणि सेन्सरवरचा प्रकाश जवळजवळ चौथाईवर येतो. शिवाय प्रकाश कणांसारखा येतो तसा लाटेसारखाही वागतो. बारीक छिद्रातून जाताना ही लाट पसरते आणि टिंबाची चकती होते. एफ/६.४ ला हिरव्या प्रकाशाची ही चकती साधारण ८.६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद असते, आणि या सेन्सरचा पिक्सेल १.२ मायक्रॉनचा. एका टिंबानं रुंदीतच सात पिक्सेल व्यापले, तर त्यात आणखी मेगापिक्सेल कोंबून नवं काहीच दिसणार नाही. डिजिटल झूम तर निव्वळ कातरकाम, तो सरळ बंद ठेवावा.

खाडीत खरी परीक्षा झाली ती चाकांची आणि बटणांची. समोर काळपट चिखल, त्यावर फिकट गुलाबी पक्षी. भाचीनं फोटो काढला आणि हिरमुसली, "मामा, हे तर बगळे वाटतायत!" कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. चिखल गडद दिसला म्हणून त्यानं प्रकाश वाढवला, पक्ष्यांवरचे पिक्सेल काठोकाठ भरले आणि गुलाबी छटा गेली. भरून वाहिलेल्या पिक्सेलमधला रंग नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाही. उपाय सोपा आहे, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरनं ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करायची सोय, उणे करायचं. मोठ्या सेन्सरवाल्याचं त्यासाठीचं चाक अंगठ्याखालीच होतं. दुसऱ्यात मेनू, मग दुसरं पान, मग बाण. उन्हात पडदा दिसेना, एका हातानं सावली धरावी लागली. तेवढ्यात होडी वळली आणि थवा मागे गेला.

म्हणून माझ्या लेखी हे एक चाक चार मेगापिक्सेलपेक्षा मोलाचं आहे. तसंच शटरचं बटण. अर्धं दाबल्यावर फोकस धरून ठेवणारा थांबा बोटाला स्पष्ट लागला पाहिजे. थरथर रोखणारी सोय हवीच, पण ती आपल्या हाताची थरथर सावरते. उडणाऱ्या पक्ष्यासाठी शटरचा वेगच वाढवावा लागतो. वायफाय, नाना तऱ्हेचे फिल्टर यांवरून कॅमेरा ठरवू नये.

दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. दुकानाचा अंधारा कोपरा आयएसओ १६०० वर टिपा आणि घरी पूर्ण आकारात बघा. मग दारातून रस्त्याकडे बघत, नजर न हलवता, एक्स्पोजर उणे करता येतंय का ते पाहा. भाचीला पक्षीच टिपायचे आहेत, तेव्हा तिनं लांब झूमचाच कॅमेरा घेतला, पण चाक असलेला. त्यासाठी तिला चार दुकानं फिरावी लागली.