सेफ्टी रेझर : एका पात्याच्या मालकीची गोष्ट

कार्ट्रिजचा, म्हणजे प्लास्टिकच्या खोबणीत पाती कायमची बसवलेला, रेझर सोडून सुटे ब्लेड घालायच्या जुन्या घडणीच्या सेफ्टी रेझरकडे वळणाऱ्याला एका गोष्टीचे नवल वाटते. रेझर एका कंपनीचा, ब्लेड दुसऱ्याच देशातल्या दुसऱ्याच कंपनीचे, आणि तरी दोन्ही एकमेकांत नीट बसतात. सत्तर वर्षांपूर्वीचा रेझर हाती आला तरी त्यात आजचे ब्लेड बसते. कार्ट्रिजच्या बाबतीत असे घडत नाही; तिथे मूठ ज्याची, पातेही त्याचेच घ्यावे लागते. दोन्हींतल्या या फरकाचे कारण पोलादात सापडत नाही. ते पेटंटांच्या इतिहासात आहे. म्हणून हा बदल करताना धारेइतकाच, त्या धारेची मालकी कुणाकडे होती याचाही मागोवा घ्यावा, असे मला वाटते.

गोष्ट उघड्या वस्तऱ्यापासून सुरू होते. वस्तरा हे उत्तम हत्यार आहे, पण चालवणाऱ्याच्या हातावर त्याचे सगळे अवलंबून. पात्याचा कोन, कातडीचा ताण, हाताचा वेग सगळे स्वतःच सांभाळायचे. शिवाय दाढी करण्याआधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा आणि अधूनमधून दगडावर पाजवायचा. त्यामुळे शतकानुशतके बहुतेकांची दाढी न्हाव्याच्याच हाती राहिली. अठराव्या शतकात झाँ-जाक पेरे या फ्रेंच कारागिराने वस्तऱ्याला लाकडी आवरण बसवले. कडेची जराशीच धार बाहेर राहावी आणि खोल जखम होऊ नये, ही त्यातली युक्ती. माणसाला स्वतःची दाढी स्वतः करता आली पाहिजे, हा पेरेचा आग्रह होता आणि त्यासाठी त्याने पुस्तकही लिहिले.

१८४७ मध्ये विल्यम सॅम्युअल हेन्सन या इंग्रज संशोधकाने पात्याला दांडीच्या काटकोनात बसवले. आज ज्याला आपण रेझरचा आकार म्हणतो तो इथला. पात्यापुढे फणीसारख्या दात्यांची आड होती. हाच हेन्सन वाफेवर उडणाऱ्या विमानाचेही आराखडे करत होता. पुढे १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी ‘स्टार’ नावाचा रेझर आणला. हे सगळे रेझर सुरक्षित होते, तरी एक अडचण कायम राहिली. आतले पाते जाड, पाचरीसारखे, वस्तऱ्याचाच तुकडा म्हणावा असे होते. ते बोथट झाले की काढून धार लावणे आलेच. सुरक्षितता मिळाली होती, पण पाजवण्याच्या कटकटीतून सुटका झाली नव्हती.

ती सुटका किंग कॅम्प जिलेटने केली. जिलेट हा फिरता विक्रेता. बाटल्यांच्या पत्र्याच्या बुचांची कंपनी काढणाऱ्या विल्यम पेंटरकडे तो काम करत होता. लोक एकदा वापरून टाकून देतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील असे काहीतरी शोध, असा सल्ला पेंटरने त्याला दिला होता. १८९५ मध्ये, दाढीच्या वेळी हातात बोथट वस्तरा असताना, जिलेटला सुचले की जाड पात्याची गरजच नाही. केस कापते ती कड. मग कड तेवढी ठेवावी, बाकी पाते कागदासारखे पातळ करावे, आणि धार गेली की फेकून द्यावे.

सुचायला सोपे, करायला महाकठीण. पोलादाचा इतका पातळ पत्रा तापवून थंड करताना वेडावाकडा होतो, आणि कडक न केलेल्या पत्र्यावर धार टिकत नाही. पोलादाचे जाणकार जिलेटला हे होणार नाही असेच सांगत राहिले. अखेर एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकलेल्या विल्यम एमरी निकरसनने ते साधले. पातळ पोलादाला वाकू न देता पाणी कसे द्यायचे, म्हणजे तापवून-थंड करून कडक कसे करायचे, याची रीत त्याने बसवली, आणि त्यावर धार लावणारी यंत्रेही घडवली. पुढच्या सगळ्या वैभवावर नाव जिलेटचे लागले. माझ्या मते त्यातला निदान अर्धा वाटा निकरसनचा आहे.

रेझरच्या रचनेतली खरी हुशारी बघायची तर तो उघडून पाहावा. ब्लेड हातात घेतले तर लवलवते. ते खालच्या तबकडीवर ठेवून वरचे टोपण घातले आणि मूठ फिरवून आवळली की ब्लेड कमानीसारखे वाकते आणि ताठ होते. पातळ पत्र्याचा दुबळेपणा त्या कमानीने जातो. धार किती बाहेर राहील आणि कोणत्या कोनात राहील हेही तिथेच ठरते. दोन हालणारे भाग आणि एक स्क्रू, एवढ्यात हे सगळे. सव्वाशे वर्षांत या रचनेत मुळातून बदल करण्याची गरज पडलेली नाही.

कंपनी १९०१ मध्ये बॉस्टनला निघाली. विक्री १९०३ मध्ये सुरू झाली आणि त्या वर्षी खपले फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांवर गेला. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळाले.

इथे एक पसरलेला गैरसमज दूर करायला हवा. ‘रेझर फुकट द्या, ब्लेडवर कमवा’ ही युक्ती जिलेटची म्हणून व्यापाराच्या वर्गांत शिकवतात. पेटंट हाती होते तोवर त्याने तसे केले नव्हते. त्याचा रेझर ५ डॉलरला होता आणि त्या काळच्या कामगाराला ही रक्कम जड होती. आधी चांगली मूठ चांगल्या किमतीला विकली, ब्लेडचे पैसे वेगळे. स्वस्त मुठीचे राजकारण नंतरचे आहे.

मग पहिले महायुद्ध आले. खंदकात विषारी वायू येऊ लागला तेव्हा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसणे जिवाशी येऊन ठेपले, आणि दाढीचे खुंट त्यात फट पाडतात. मिशी राखण्याची सक्ती ब्रिटिश सैन्याने १९१६ मध्ये काढून टाकली. अमेरिकन सरकारने १९१८ मध्ये सैनिकांसाठी पस्तीस लाख रेझर आणि तीन कोटींहून जास्त ब्लेड मागवले. रोज स्वतःच्या हाताने दाढी करायची सवय लागलेली ही पिढी युद्ध संपल्यावर घरी परतली, तेव्हा ती सवय तिच्याबरोबर आली. याच युद्धाची एक काळी बाजू दाढीच्या ब्रशशी जोडलेली आहे. बिज्जू या प्राण्याच्या केसांचा पुरवठा तुटल्यावर घोड्याच्या केसांचे ब्रश निघाले, ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते, आणि त्यातून सैनिकांना व नागरिकांना अँथ्रॅक्स या जनावरांपासून होणाऱ्या जीवघेण्या रोगाची लागण झाली. केसांचे निर्जंतुकीकरण हा नियमाचा विषय झाला तो त्यानंतर.

आता या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वळण. १९२१ च्या नोव्हेंबरात पेटंटची मुदत संपत होती. त्याआधी काही महिने कंपनीने सुधारित रेझर ५ डॉलरला आणला आणि जुन्या धर्तीचा एका डॉलरवर उतरवला. मूठ स्वस्त करून ब्लेडवर कमवण्याचा खेळ सुरू झाला तो इथे, आणि नेमका तेव्हा, जेव्हा तसे ब्लेड बनवायची मुभा कुणालाही मिळायच्या बेतात होती. देशोदेशी कारखाने निघाले. जर्मनीच्या झोलिंगेनमध्ये चाकू-सुऱ्या घडवणाऱ्यांची पिढीजात वस्ती होती, तिथे रेझर बनू लागले. जपानच्या सेकी या तलवारींच्या गावी १९३२ मध्ये ‘फेदर’ सुरू झाली.

ब्लेडच्या आकारावर पुन्हा कुंपण घालायचा प्रयत्न झाला नाही असे नाही. हेन्री गाइसमन या संशोधकाच्या ‘ऑटोस्ट्रॉप’ कंपनीने ‘प्रोबॅक’ नावाचे ब्लेड काढले. त्याची मधली भोके अशी कातलेली होती की ते जिलेटच्या रेझरमध्येही बसावे. जिलेट कंपनीने १९३० मध्ये नवा रेझर आणि नवे ब्लेड आणले, तेव्हा आपल्या हक्कांवर हे अतिक्रमण आहे म्हणून गाइसमन कोर्टात गेला. शेवटी दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले. त्या व्यवहारात हिशेब तपासले गेले तेव्हा जिलेट कंपनीने आधीची काही वर्षे नफा फुगवून दाखवल्याचे उघड झाले, आणि कारभाराची सूत्रे गाइसमनकडे गेली. किंग जिलेट स्वतः १९३२ मध्ये वारला. सगळ्या उद्योगांची मालकी एकाच सार्वजनिक कंपनीकडे असावी आणि नायगारा धबधब्याच्या विजेवर चालणारे एक महानगर उभे राहावे, अशी स्वप्ने हा माणूस १८९४ पासून लिहीत आला होता. स्पर्धा ही त्याला माणसाची उधळपट्टी वाटे. आणि त्याचे ब्लेड मात्र स्पर्धेतूनच सगळ्यांचे झाले.

या भांडणातून मधोमध लांब चीर असलेले ब्लेड उरले आणि तेच जगभर रूढ झाले. ब्लेडच्या भोकांत शिरणाऱ्या तीन खुंट्यांच्या जुन्या रेझरवरही ते बसते. नंतर रेझरच्या घडणीत भर पडत गेली. मूठ पिळली की वरची दारे उघडणारे रेझर १९३० च्या दशकात आले, धार कमी-जास्त बाहेर काढता येणारे १९५० च्या दशकाच्या अखेरीस. ब्लेड मात्र तेच राहिले.

ब्लेडमधली शेवटची मोठी सुधारणा १९६० च्या दशकातली. तोवर ब्लेड साध्या कार्बन पोलादाचे असे, ते गंजायचे आणि थोड्याच दाढ्यांत मान टाकायचे. विल्किन्सन सोर्ड ही तलवारी आणि बागकामाची हत्यारे घडवणारी इंग्रज कंपनी. तिने धारेवर टेफ्लॉनच्या जातीचा लेप दिलेले स्टेनलेस ब्लेड बाजारात आणले आणि मागणी इतकी आली की ती पुरवताना तिची दमछाक झाली. जिलेटने आपले स्टेनलेस ब्लेड १९६३ मध्ये आणले. आता ब्लेड टिकाऊ होते, गंजत नव्हते, आणि एकाहून जास्त कंपन्या ते बनवत होत्या. ग्राहकासाठी ही उत्तम स्थिती. कारखानदाराच्या हिशेबात ती तितकीच वाईट.

जिलेटचा १९७१ चा ‘ट्रॅक टू’ हा कार्ट्रिज रेझर या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. प्लास्टिकच्या खोबणीत कायमची बसवलेली दोन पाती: पहिले केस ओढून वर काढते आणि तो आत सरकण्याआधी दुसरे त्याला खालून कापते, असा दावा होता. दावा अगदी खोटा नाही. पण खोबणी आणि मूठ यांचा जोड पुन्हा पेटंटखाली गेला, हा या शोधाचा तितकाच मोठा परिणाम. पुढे पात्यांची संख्या वाढत गेली. १९९८ मध्ये तीन, २००३ मध्ये प्रतिस्पर्धी ‘शिक’ची चार, २००६ मध्ये जिलेटची पाच. दरम्यान १९७० च्या दशकात ‘बिक’ या फ्रेंच कंपनीने अख्खा रेझरच फेकून द्यायचा करून टाकला.

कार्ट्रिजला नावे ठेवणे मला पटत नाही. त्याचे डोके चेहऱ्याच्या वळणाप्रमाणे वळते, हात थरथरत असेल किंवा घाई असेल तर ते सुरक्षित पडते. पण केस कातडीच्या पातळीखाली कापला गेला तर, विशेषतः कुरळ्या केसांच्या माणसांत, तो वाढताना आतल्या आत वळून कातडीत शिरतो आणि पुरळ उठते. गळ्यावरच्या लाल फोडांनी हैराण झालेल्यांना एका पात्याच्या रेझरने अनेकदा आराम पडतो तो यामुळे. डब्यातून दाबून काढायचा फेस १९४० च्या दशकाच्या अखेरीस आला आणि ब्रश मागे पडला, तेव्हाही असेच एक नुकसान झाले. कोरडा केस राठ असतो. कोमट पाणी दोन-तीन मिनिटे मुरले की तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला कितीतरी कमी जोर लागतो. ब्रशने फेस घोळवण्यात ती मिनिटे आपोआप जात. डब्यातल्या फेसाने वेळ वाचवला आणि केस भिजायचा राहून गेला.

पोलादापेक्षा केस जवळपास पन्नास पटींनी मऊ, तरी ब्लेड बोथट का होते, याचे उत्तर एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दिले. धार सावकाश झिजते ही समजूत अपुरी ठरली. केस कापताना वाकतो, आणि पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे धारेचा बारीक कपचा उडतो. निकरसन पातळ पत्र्याच्या पाण्याशी झगडत होता तो प्रश्न अजून जिवंत आहे.

साधारण २००५ नंतर जुने रेझर पुन्हा मागितले जाऊ लागले. कार्ट्रिजच्या चढ्या किमती, प्लास्टिकचा कचरा आणि कातडीचा त्रास ही त्याची कारणे. वेगवेगळ्या देशांतले ब्लेड बनवणारे कारखाने कधी बंदच पडले नव्हते, म्हणून हे पुनरागमन शक्य झाले. २०२० मध्ये तर जिलेट कंपनीनेच आपल्या संस्थापकाच्या नावाने दुधारी ब्लेडचा रेझर बाजारात आणला.

वळणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे. कार्ट्रिज दाबून फिरवायची हाताची सवय आधी मोडावी लागते. इथे रेझरचे वजनच पुरते. पाते गालाशी साधारण तीस अंशांत राहील असा रेझर धरावा, पहिला हात केस वाढतात त्या दिशेने फिरवावा, आणि उलट दिशेचा हात कातडी सरावल्यावरच. सुरुवातीला सौम्य रेझर घ्यावा, म्हणजे ज्याची धार कमी बाहेर असते असा. ब्लेड मात्र तीन-चार कंपन्यांचे थोडे थोडे आणून पाहावेत, कारण एकाच्या दाढीला मानवते ते दुसऱ्याला ओरबाडते. वापरलेले ब्लेड उघडे फेकू नये. अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघरातल्या कपाटाला चीर ठेवून ते भिंतीच्या पोकळीत टाकत, आणि घर पाडताना त्यांचे ढीग निघतात. त्यापेक्षा फट पाडलेला पत्र्याचा डबा बरा. विमानाने जाताना सुटी ब्लेड हातातल्या सामानात चालत नाहीत, ती मोठ्या बॅगेत टाकून सोपवावीत.